फटफटीची मूठ

आधीच सांगून टाकतो, मी अमावस्येला मुद्दाम दाढी करणारा माणूस आहे. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देऊन पुढं जातो, घरी परत फिरत नाही. ह्या सदरातले गूढ अनुभव सूनबाई मला वाचून दाखवते आणि मी प्रत्येकात खोट काढतो. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मग तुमचा तो फटफटीचा किस्सा लिहा की, त्यात खोट काढून दाखवा." म्हणून लिहितो आहे. गेली कित्येक वर्षं मीच त्यात खोट शोधतोय... सापडली तर कळवा.

काळ मोगलाईचा. म्हणजे आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं तेव्हाचा, अगदी शेवटची दोन-तीन वर्षं. माझं गाव घनसावंगीजवळ. वडील लवकर गेले, आई आणि मी काकांच्या पदरी. काकांनी कधी उपाशी ठेवलं नाही, पण ताटात पडलेल्या भाकरीबरोबर दोन शब्दही पडायचे. मला तिथून सुटायचं होतं. जालन्याला एका जिनिंग फॅक्टरीत मी वजनकाट्यावर उमेदवारी करत होतो. त्याच वर्षी मालकांनी लष्करी लिलावातून एक फटफटी आणली. हिरवी, दणकट. सुरू झाली की आख्खं आवार थरथरायचं. कपाशीचे नमुने आणि निरोप घेऊन अंबड, शहागडपर्यंत जाणारा माणूस त्यांना हवा होता. दसऱ्याला मॅनेजरसाहेब स्वतः परीक्षा घेणार आणि जो नीट चालवेल त्याला कायम नोकरी, राहायला खोली. खोली म्हणजे आईला आणता येणार. माझं सगळं त्या फटफटीवर येऊन थांबलं होतं.

शिकवायला होते युसुफभाई. जालन्यातल्याच कादराबादला राहणारे, महायुद्धात लष्कराचं टपाल फटफटीवरून नेलेले. परत आले ते डावं मनगट कायमचं आखडून. डाव्या हातानं क्लच दाबता येत नाही म्हणजे फटफटी संपली. तरी ते मागं कॅरियरवर बसून शिकवायचे. माझ्याशिवाय आणखी एक जण उमेदवार होता, युसुफभाईंच्या बहिणीचा नवरा. तो थोडाफार आधीच चालवायचा. मी नापास झालो तर नोकरी सरळ त्याला.

हे काकांना कळलं आणि ते बैलगाडी जुंपून जालन्याला आले. म्हणाले, "अरे, तो तुला शिकवून राह्यला का मारून राह्यला, ते एकदा बघ." मी हसण्यावारी नेलं. पण रात्री झोप लागेना. ते दिवसच तसे होते. गावोगाव माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होती. बाजारात कुणाच्या ओट्यावर बसायचं हेसुद्धा लोक विचार करून ठरवत होते. काका एक वाक्य बोलून गेले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आता माझी अडचण ऐका. आजच्या गाड्यांची मूठ सोडली की आपोआप मागं जाते आणि गाडी मंदावते. त्या फटफटीची तशी नव्हती. उजव्या हाताची मूठ स्वतःकडं पिळली की वेग वाढायचा, आणि जिथं सोडाल तिथंच ती थांबायची. वेग कमी करायचा तर मूठ पुढं ढकलावी लागायची. आणि मी लहानपणापासून बैल हाकलेले! आमच्याकडं थांबायचं म्हणजे कासरा ओढायचा. घोडं असो, गाडी असो, घाबरलं की स्वतःकडं ओढायचं... हे हाताला शिकवावं लागत नाही. समोर शेळी आली की मी "हो, हो" करून दोन्ही हातांनी मागं खेचायचो आणि फटफटी थांबायच्या ऐवजी उधळायची. एकदा आम्ही दोघं सरकीच्या ढिगात गेलो. फॅक्टरीतले लोक पोट धरून हसले.

युसुफभाई हसले नाहीत. मागून हात पुढं घालून त्यांनी आपला पंजा माझ्या मुठीवर ठेवला, अंगठा माझ्या मनगटात रुतवला आणि मूठ पुढं लोटली. म्हणाले, "बैल न्हाई हा, दिगंबर. ओढू नको. ढकल." त्यानंतर रोज हेच. कानाशी "ढकल, ढकल" आणि मनगटात तो अंगठा. मनगटावर माझ्या निळा डाग पडला होता. काका म्हणत होते ते खरं असेल तर हा माणूस इतकं कशाला करील, असं मला दिवसा वाटायचं. आणि संध्याकाळी वाटायचं, मला सवय लावतोय... ह्याच्या हाताशिवाय मला थांबताच येऊ नये म्हणून. परीक्षेला तर मागं कुणी बसणार नव्हतं!

दसरा जवळ आला आणि मॅनेजरसाहेबांनी मला एकट्याला शहागडला पाठवलं. पिशवीत कपाशीचे नमुने. निघताना युसुफभाई दिसले नाहीत, त्याचाही मला संशय आला. मी केबल तपासली, नट तपासले, मूठ चार वेळा पुढं-मागं करून पाहिली. सगळं बराबर होतं.

अंबडपर्यंत मजेत गेलो. तिथून पुढं रस्ता मोकळा, मुरमाचा. ऊन चढलेलं. मी मूठ पिळली. ज्यानं पहिल्यांदा असा वेग अनुभवला त्यालाच कळेल, पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटतं आणि तरी हसू येतं. शहागडच्या अलीकडं गोदावरीच्या बाजूला उतार लागतो. त्या उतारावर वळण घेतलं आणि समोर आख्ख्या रस्त्यावर आडवी झालेली बैलगाडी. चाक निखळलेलं, खाली दोघी बायका आणि एक म्हातारा ते बसवत होते.

मी ओढलं. सगळं शिक्षण एका क्षणात विसरलो आणि कासरा ओढावा तसं दोन्ही हातांनी जिवाच्या आकांतानं ओढलं. फटफटी गरजली आणि सुटली. म्हातारा वर बघत होता, त्याचं तोंड उघडं होतं. मला कळत होतं की चुकतंय आणि हात ऐकत नव्हते.

तेव्हा माझ्या उजव्या मुठीवर हात पडला.

भास नाही. वजन होतं त्याला, घाम होता. मनगटात नेमका त्याच निळ्या डागावर अंगठा रुतला आणि माझी मूठ पुढं लोटली गेली. माझा जोर मागं, त्याचा पुढं, आणि तो जिंकला. इंजिन खाली आलं, मी ब्रेकवर उभा राहिलो, फटफटी घसरत जाऊन गाडीच्या लाकडी साट्याला जेमतेम टेकली. एक बाई हात जोडून खाली बसली.

मी ओरडून मागं वळलो. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते आभाराचे नव्हते. मला वाटलं हा माणूस कुठंतरी चढून बसला होता, माझी फजिती करायला. कॅरियरवर नमुन्यांची पिशवी होती, बांधली होती तशीच. रस्त्यावर धूळ होती आणि दुसरं काही नव्हतं. म्हाताऱ्यानं मला दोन शिव्या घातल्या, त्या मी मुकाट ऐकल्या.

परत येताना सबंध रस्ता मी एकच विचार करत होतो, की ह्यानं मुठीत काहीतरी खेळ करून ठेवलाय. म्हणजे बघा, माझा जीव वाचला होता आणि मी वाचवणाऱ्यावर गुन्हा शाबीत करत होतो. जालन्यात शिरलो तो फॅक्टरीत न जाता थेट कादराबादला, युसुफभाईंच्या दारात.

त्यांची आई ओट्यावर होती. आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. मला पाहताच ती उठून दारात आडवी उभी राहिली. मी अजून एक अक्षर बोललो नव्हतो. तिनंच विचारलं, मी दुपारी कुठं होतो आणि काय करत होतो? मग तिनंच सांगितलं. युसुफ जेवायला बसला होता. एकाएकी त्याचा उजवा हात ताठ पुढं गेला, पाण्याचा तांब्या उलटला, आणि हवेत काहीतरी धरल्यासारखी बोटं आवळली. शेजारच्या दोघांनी जोर लावला तरी उघडेनात. आणि तोंडानं सारखं "ढकल, ढकल". मग हात आपोआप सुटला आणि तो घामानं भिजून आडवा झाला.

आतून युसुफभाईंनी हाक मारली. बाजेवर बसले होते, चेहरा उतरलेला. नेहमीसारखं हसले नाहीत. मी झालं ते सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि त्या नजरेत मला माझाच संशय दिसला. म्हणाले, "मी तर इथंच बसलो होतो. तू काय करून आल्ता?"

मी आईची शपथ घेतली. ज्याला जाब विचारायला आलो होतो, त्याच्यापुढं मीच गयावया करत होतो. मग त्यांनी उजवा तळहात पुढं केला. त्यावर आडव्या ओळीत चार लाल खळगे होते. म्हणाले, "मूठ ठेव हिथं."

मी बोटं मिटून मूठ त्यांच्या पंजाखाली धरली. माझ्या बोटांची चार हाडं त्या चार खळग्यांत बसली. कुलपात किल्ली बसावी तशी.

अम्मा दारातून बघत होती. ती पुढं आली आणि तिनं माझा हात झटकला. "मूठ मारी क्या रे तूने मेरे बच्चेपे?"

तिचा आवाज चढलाही नव्हता. वाचकांपैकी तरुणांसाठी सांगतो, मूठ मारणे म्हणजे करणी करणे, दुरून माणसाचा जीव घेणे. आम्ही दोन महिने दिवसरात्र मूठ, मूठ करत होतो. "मूठ पीळ", "मूठ ढकल", "आज मूठ बिघडली". ती बिचारी माऊली चुलीशी बसून हे ऐकत होती, आणि आज लेकाच्या हातावर तिला माझ्या मुठीचा ठसा दिसत होता. तिला मी काय समजावणार होतो? मलाच काही समजलं नव्हतं.

युसुफभाईंनी तिला हातानं थांबवलं. मला एकच विचारलं, "मूठ पुढं गेली का?"

"गेली."

"मंग बस झालं," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

दसऱ्याला मी पास झालो. समोर मुद्दाम म्हैस सोडली होती, मी मूठ ढकलली आणि थांबलो. त्या वेळी हात माझाच होता, एकट्याचा. आईला जालन्याला आणलं. युसुफभाई फॅक्टरीत भेटायचे, बोलायचे, पण त्या घराचा उंबरा अम्मानं मला पुन्हा चढू दिला नाही. पुढं वर्ष उलटायच्या आत राज्य बदललं, आणि ते लोक हैदराबादला नातेवाइकांकडं कायमचे निघाले. मी स्टेशनवर गेलो. खिडकीत ते होते, शेजारी अम्मा. मी हात पुढं केला, तर अम्मानं पटकन त्यांच्या उजव्या हातावर आपला पदर टाकला आणि वरून घट्ट धरून ठेवला. मला फार वाईट वाटलं. गाडी हलली तेव्हा पदराखालचा तो हात हळूच पुढं वळला, मूठ ढकलतात तसा.

डॉक्टरांना विचारलंय. एक म्हणाला, स्नायूंचा झटका. दुसरा म्हणाला, योगायोग. असेल. पण मग त्या खळग्यांचं काय करू? मी खोटं बोलतोय म्हणाल, तर युसुफभाई आता नाहीत, म्हातारा गाडीवान नाही. तो हात दुपारी घरीच होता हे छातीठोक सांगणारी माझी मुख्य साक्षीदार एकच होती, आणि तिनं मरेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला नाही.