भागाबाईच्या कोपऱ्यातली हरळी

भागाबाई माळीण हरळी उपटत नसे, खणून काढी. हातभर खोल कुदळ घालायची, एकेक पांढरी मुळी बोटांनी वेचायची, उन्हात वाळवायची आणि मग चुलीत घालायची. अकोटला मी नवा पंतोजी म्हणून आलो, तेव्हा शेजारधर्म म्हणून तिच्या वाफ्यातली हरळी विळ्याने कापू लागलो, तर बाई कडाडलीच. "पंतोजी, काहून केस कापून राहिले तिचे? खालचं मूय काढा! एक तुकडा राहिला तं दहा होतात."

म्हातारी एकटी होती. माझ्या खोलीमागचा तो वांगी-मेथीचा तुकडा पाटलांचा. सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती, आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते आणि लोक अगदी दारापर्यंत सरकी पेरत होते. पाटलांनी तिला एकच अट घातली होती: वाफे स्वच्छ आहेत तोवर तुझे, गवत माजले की नांगर. ती म्हणे, "मी जिती हावो तोवर इथं गवत माजत नाई."

दुसऱ्या वर्षी ते माजले. कुंपणाकडच्या कोपऱ्यात हरळी निघे. खणून काढली तरी पंधरा दिवसांत पुन्हा हजर. पाटील तसे बरे, त्यांनी मृगापर्यंत मुदत दिली. पण भागाबाईची झोप उडाली. "जलम गेला माहा या मातीत, पन हे येते कुठून, मले समजून नाई राह्यलं."

वैशाखात एका सकाळी तिने मला हाक मारली. तिच्या तळहातावर फुटवे आलेली हरळी होती आणि मुळाशी तांबड्या सुताचा वेढा, गाठीसकट. गाठ माझ्या हातची होती. गणपतीला वाहिलेल्या दूर्वा पायदळी येऊ नयेत म्हणून त्यांचे निर्माल्य मी त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवत असे. त्यातही माझा आळस असा, की कोवळे शेंडे खुडायचे सोडून मी मुळांसकट लांब वेलच ओढून आणी आणि त्याची जुडी बांधी. हरळी आणि दूर्वा एकच, हे काय मला ठाऊक नव्हते? पण देवघरातली वस्तू वाफ्यात जाऊन रुजेल, हे या शिकलेल्या डोक्यात शिरलेच नव्हते!

"कोनी तरी बांधून पेरली, पंतोजी," ती म्हणाली. "पाटलाचंच काम हाय. त्याले कापूस पाह्यजे."

ती तरातरा पाटलांच्या दारात गेली आणि चार माणसांदेखत त्यांना चोर म्हणाली. मी तिच्यामागे त्यांच्या उंबऱ्यात उभा होतो. आज स्वतःचेच खरे वाटत नाही, पण मी उभाच राहिलो.

मृगाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी पाटलांचे बैल वाफ्यात शिरले. तेव्हा कुठे मी धावत जाऊन पाटलांकडे कबुली दिली. ते थक्क झाले, पण मान हलवून म्हणाले, "चार लोकांत चोर म्हनलं तिनं मले. आता नाई."

भागाबाई तेल्हाऱ्याला भावाकडे जायला निघाली होती. डोक्यावर गाठोडे होते. मी तिलाही सगळे सांगितले आणि मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिलो. तिने डोक्यावरचे गाठोडे सावरले.

"काल सांगतलं असतं, पंतोजी," ती म्हणाली, "तं मी पाटलाच्या दारी गेलीच नसती."