लाल एकीकडे, निळी एकीकडे

बालवाडीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पर्सच्या तळाशी खडूचे तुकडे साठतात तसे ते साठत जातात. माझ्याकडे एका वर्षात इतके झालेत, की विरारला घरी जेवायला बसले की आई ताट वाढायच्या आधीच विचारते, "आज कोण?"

माझी शाळा डेहराडूनला झाली, पुढचं शिक्षण दिल्लीत. लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं, हाच विषय. अक्षरांच्या आधी वर्गीकरण यावं लागतं, असं आम्ही शिकलो होतो. सारखं काय आणि वेगळं काय, हे दिसायला लागलं की मग 'प' आणि 'ष' वेगळे दिसतात. मला वाटलं होतं, माझी बालवाडी आहे त्या सातिवलीच्या चाळीतल्या मुलांना हे पहिल्यांदा मी दाखवीन. प्रत्यक्षात त्यांच्या आया घरी बसून कारखान्यांचं काम करतात. केसांच्या क्लिपा, पेनांची टोपणं, बाटल्यांची झाकणं. मुलं रांगायला लागल्यापासून ढीगच बघत आलीत.

पहिल्याच आठवड्यात मी दिल्लीहून आणलेली लाकडी बटणं काढली. "लाल एकीकडे, निळी एकीकडे," असं सांगितलं. ओमकारने एकेक बटण उलटून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि दोन ढीग केले. दोन्ही ढिगांत दोन्ही रंग.

"हे काय रे?"

"हा माल. हे रिजेक्ट."

मी रिजेक्टचा ढीग तपासला. प्रत्येक बटणाला कुठे ना कुठे लाकडाची बारीक कूस निघालेली होती. वर्षभर कोणाच्या बोटात ती घुसली नाही, याचं श्रेय ओमकारला.

मग चित्रांची कार्डं. घरात असतं ते चटईवर, बाहेर असतं ते लादीवर. सनाने हत्ती, झाड आणि फ्रिज असे तिन्ही लादीवर ठेवले.

"अगं, फ्रिज घरात असतो ना?"

"तुमच्या," ती म्हणाली. टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. त्यानंतर 'घरात' हा शब्द मी जरा जपून वापरते.

मार्चमध्ये बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे फॉर्म आले. प्रत्येक मुलाचा एक, वर फोटो, खाली दोन चौकोन: 'पहिलीसाठी तयार' आणि 'आणखी एक वर्ष बालवाडी'. शाळा या फॉर्मवरच मुलं घेते. बावीसपैकी एकाच फॉर्मची मला काळजी होती, दीपालीच्या. दीपाली बोलत नसे. तिच्या हातात कार्ड दिलं की ती ते धरून बसे, कुठेच ठेवत नसे.

तिची आई एका युनिटमध्ये पॅकिंगला जाते. बालवाडी बाराला सुटते, आईला जेवणाची सुट्टी एकला मिळते. आल्यावर पोरीला शेजारी सोडायचं आणि पुन्हा कामावर पळायचं. शेजारीण जूनमध्ये गावाला चालली होती, कायमची. दीपाली पहिलीच्या, संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या शाळेत गेली नाही, तर आईचं काम सुटणार होतं.

"टीचर, तिला सगळं समजतं हो," आई दारातूनच म्हणाली. "बोलत नाय एवढंच."

सगळ्याच आया असं म्हणतात, असं मी मनात म्हटलं.

चाचणी सुरू झाली. सुरुवातीचा आवाज सारखा असलेली चित्रं एकत्र लावायची होती. शिवमने कार्डं लावली: बस, बटण, मांजर. मी फॉर्मवर फुली मारली. माझ्या मदतनीस रोझी मावशी माणिकपूरहून येतात. बावीस मुलांची नाकं पुसायची आणि माझ्या चुका काढायच्या, ही त्यांची दोन कामं. त्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "बाय, फुली कशाला मारते?"

"मांजर 'ब'मध्ये ठेवलंय त्याने."

"त्याच्या घरी बिल्ली हाय ती. तिला मांजर कोन बोलतं तिथं?"

मी फुलीची बरोबरची खूण करायचा प्रयत्न केला. ती काही नीट झाली नाही.

फॉर्म शुक्रवारी द्यायचे होते. गुरुवारी मुलं गेल्यावर मी टेबलावर दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात एकवीस, दुसऱ्यात दीपाली. बाकी सगळे गेले की एकपर्यंत ती माझ्याजवळ बसे, तशीच आईची वाट बघत बसली होती. मी हात धुऊन आले तर टेबल रिकामं. सगळे फॉर्म तिने जमिनीवर ओळींत मांडले होते आणि ती फोटो बघत अजून एक-दोन हलवत होती.

या ओळी कशावरून लावल्यात, ते मी शोधू लागले. मुलं-मुली वेगळी नव्हती. कपड्यांचे रंग जुळत नव्हते. गल्लीप्रमाणेही नव्हतं.

मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "अगो, बघ ना. ह्यांना आई न्यायला येते. ह्यांना आजी. हे रिक्षातनं जातात. ह्या शिवमला बाप नेतो, रातपाळी करून आलेला."

मी एकेक फॉर्म तपासला. मला स्वतःला निम्म्यांचंही सांगता आलं नसतं. एक चूक मात्र सापडली.

"दीपाली, ओमकारला आई नेते. तू त्याला मोठ्या बहिणीवाल्यांत ठेवलंस."

"सोमवारपासून ताई येते," दीपाली म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"खरं हाय," मावशी म्हणाल्या. "आई बाळंतपनाला गेली त्याची."

शेवटच्या ओळीत दीपालीचा स्वतःचा फॉर्म होता, एकटाच. बघता बघता तिने टेबलावरचं माझं ओळखपत्र आणलं आणि त्याच्या शेजारी सरळ करून ठेवलं.

तेवढ्यात तिची आई आली, धावत.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो: चाचणीसाठी वापरलेलं साहित्य. एकवीस फॉर्मवर मी 'चित्रकार्डं' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आत, दीपालीच्या फॉर्मवर 'तयार'च्या चौकोनात खूण केली आणि त्या रकान्यात लिहिलं: बावीस मुलं, एक टीचर.