परुळेकर मास्तरांचे सातवे चित्र

भार्गवराव परुळेकर मास्तरांना मी प्रथम पाहिले ते लालबागला, नाटकांचे पडदे रंगवण्याच्या कारखान्यात. लहान चित्र चौकटी-चौकटीने मोठे करून उतरवता यावे म्हणून मोठ्या कापडावर खडूच्या दोरीने चौकटी पाडण्याच्या कामावर मी नवा लागलो होतो. पहिल्याच दिवशी एक ओळ बोटभर चुकली. मास्तर रागावले नाहीत. खाली बसून त्यांनी दोरीचे दुसरे टोक धरले.

पोटासाठी त्यांनी राजवाडे आणि अरण्ये रंगवली. स्वतःसाठी मात्र एकाच जुन्या स्पॅनिश कादंबरीची चित्रे काढली. गिरगावच्या वाचनालयातून आणलेले ते पुस्तक जेवणाच्या सुट्टीत ते आम्हांला मराठीत सांगत. एक म्हातारा गृहस्थ गंजके चिलखत घालून जगातला अन्याय दूर करायला निघतो, पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडतो आणि आपटतो. गाढवावरून मागे येणारा त्याचा लठ्ठ सेवक त्याला दर वेळी उचलतो. या सेवकासाठी मास्तर आपले जिवलग मित्र, परळचे गिरणी कामगार बाबूराव शिगवण यांना समोर बसवत. बाबूराव म्हणत, "मास्तर, पडतो तुमचा म्हातारा नि पाठ दुखते माझी."

सहा चित्रे झाली. मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेलेले बाबूराव गोळीबारात पडले. तेरा दिवस मास्तर त्यांच्या खोलीत मुलांजवळ राहिले.

सातव्या चित्रात म्हातारा मरणाच्या अंथरुणावर आहे, आणि सेवक रडत विनवतो आहे की उठा, आपण पुन्हा बाहेर पडू. म्हाताऱ्याला मास्तरांनी स्वतःचा चेहरा दिला आहे. सेवकाची जागा कोरी आहे. मास्तरांची प्रकृती हल्ली बरी नसते, आणि "एवढं संपलं की मी सुटलो," असे ते म्हणू लागले आहेत.

मास्तरांच्या साठीच्या समारंभात सातही चित्रे मांडायचे समारंभ समितीने ठरवले. मदत होईल या समजुतीने मी मास्तरांना न विचारता त्यांनीच काढलेल्या बाबूरावांच्या जुन्या रेखाटनावर चौकटी आखल्या आणि तो चेहरा खडूने कोऱ्या जागी उतरवला. एकही रेघ हलू दिली नाही. मास्तर आले आणि चित्राजवळ वाकले.

"नाक, डोळे बरोबर आलेत रे," ते म्हणाले. "पण हा हसतोय. बाबूला रडताना मी कधी पाहिलंच नाही."

त्यांनी फडके घेऊन मी उतरवलेला चेहरा पुसला. मग मला शेजारी बसवून चहा पाजला.

तेव्हापासून ते रोज सकाळी त्या जागी दोन रेघा ओढतात आणि पुसतात. सहाच चित्रे मांडावीत, अशी माझी समितीला नम्र विनंती आहे. मास्तरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि सातवे चित्र पुरे व्हायला पुष्कळ वर्षे लागोत.