काचेच्या खोलीतला पदर

पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, "तिथे जाऊन तू लोकांना काय शिकवणार आहेस?" मी जरा छाती फुगवून म्हणालो, "अतिदक्षता विभागातलं ताजं संशोधन." ती म्हणाली, "बरं. स्वेटर घे."

अकोल्याला उतरून वाशिमची एसटी पकडली. पातूर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना तूर दिसू लागली, शेंगांनी वाकलेली. शेजारच्या पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी माझी बॅग नीट न्याहाळली.

"तुमी कायचे डाक्टर व्हय?"

"अतिदक्षता विभागाचा."

"म्हंजे ज्याइले काचाच्या खोलीत ठेवतात त्याइचे?" आजोबांनी मान हलवली. "आमच्या इकडं मानूस त्या खोलीत गेला का आमी पाव्हण्याइले फोन लावतो."

मी त्यांना सांगू लागलो की आता तसं राहिलेलं नाही, शास्त्र फार पुढे गेलंय. ऐकता ऐकता ते झोपी गेले. मोठमोठ्या सभागृहांत भाषणं केलेल्या मला हा अनुभव नवा नव्हता.

वाशिमच्या अलीकडच्या मालेगावात माझा जुना विद्यार्थी डॉक्टर निलेश न्यायला आला होता. हा इथल्या जैन कापडवाल्यांचा मुलगा. दुकान भावाकडे सोपवून याने दहा खाटांचं हॉस्पिटल काढलं. सभागृहाच्या दारावर माझा फोटो लावला होता, माझ्यापेक्षा गोरा. शाल झाली, नारळ झाला, माझा परिचय झाला. परिचय इतका लांबला की भाषणाला सूर्यास्तापर्यंतचाच वेळ उरला. यजमान सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि खिडकीतून डाळबट्टीचा वास येत होता.

तरी मी मुद्द्याचं बोललो. गेल्या काही वर्षांत आमच्या शास्त्राने लावलेला मोठा शोध असा, की अत्यवस्थ माणसाच्या मागे फार लागू नये. आधी आम्ही त्याला गाढ झोपवून ठेवत होतो. आता म्हणतो, जागा ठेवा. आधी हलू देत नव्हतो. आता म्हणतो, जमेल तसं लवकर उठवून बसवा. नातेवाइकांना तर आम्ही जंतूंसारखं बाहेर ठेवलं होतं. आता कळलं, की ओळखीचं माणूस उशाशी असलं तर रुग्णाचा भ्रम कमी होतो. जी गोष्ट आमच्या आज्यांना ठाऊक होती, ती सिद्ध करायला आम्हाला इतकी वर्षं आणि इतक्या परिषदा लागल्या. शेवटची स्लाइड पडद्यावर असतानाच लोक उठले. बट्टी मात्र फार सुरेख होती, कांदा-लसणाशिवायही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश म्हणाला, "सर, तुमचं ऑनलाइन भाषण ऐकल्यापासून मी प्रत्येक पेशंटजवळ घरचं एक माणूस बसवतो. पण एका बाईंच्या बाबतीत काही जमत नाहीये."

किन्हीराजाच्या वच्छलाबाई. साठीच्या आसपास वय, न्यूमोनिया. दोन दिवसांपूर्वी घशातली श्वासाची नळी काढली होती, आता तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि नाकात अन्नाची बारीक नळी. नळी निघाल्यापासून भ्रम झालाय असं निलेशचं म्हणणं. विचारलं तर बोलत नाहीत, तोंड भिंतीकडे करतात, उठून बसायला धडपडतात आणि सारखा हात वर नेऊन मास्क ओढतात. म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधले होते. मास्क निघाला की ऑक्सिजन उतरायचा. दुपारपर्यंत असंच राहिलं तर पुन्हा झोपेचं औषध, पुन्हा नळी, आणि पुढे नागपूर. अशक्त शरीर दुसऱ्यांदा नळीवर गेलं की ते परत येईलच याची खात्री मी कुणाला दिली नसती.

खाटेजवळच्या खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ ताठ बसले होते. दोन दिवस जेवणापुरतेच उठले होते म्हणे. मला मनातून बरं वाटलं. पुण्यात केलेलं भाषण इथे खुर्चीत बसलं होतं!

मी वाकून विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?" उत्तर नाही. "गाव कोणतं?" तोंड भिंतीकडे. "नवऱ्याचं नाव सांगता?" त्यांनी डोळे मिटले. हात पट्टीला हिसके देत होते. माझी तपासणी पूर्ण झाली. तीस वर्षांच्या अनुभवाने मी निलेशला सांगितलं, "भ्रमच आहे. औषधाची तयारी ठेव."

तेवढ्यात काचेच्या दारातून एक बाई ओरडल्या, "डाक्टरसाहेब, तिच्या भासऱ्याले उठवा ना तिथून! थे कशी बोलन?"

त्या अंजनाबाई, वच्छलाबाईंची थोरली जाऊ. खुर्चीतले गृहस्थ त्यांचेच यजमान, म्हणजे वच्छलाबाईंचे भासरे, थोरले दीर.

"चाळीस वर्सात थे ह्याइच्यापुढं बोलली नाई, का डोक्यावरचा पदर पडू देल्ला नाई. आन तुमी तिले झबलं घालून ह्याइच्यासमोर आडवी टाकली! पदर कुठून आनन थे? तोच पाहून राह्यली डोक्यावर."

मी खाटेकडे पाहिलं. हात ओढ घेत होते ते मास्ककडे नव्हे, कपाळाकडे.

"मग यांना का बसवलं?" निलेशने विचारलं.

"एकच मानूस बसवा म्हने. मोठा असताना लहाना कसा बसन? तिचा नवरा बसला भाईर, निंबाखाली."

गृहस्थ उठून उभे राहिले. चेहरा पार उतरला होता. "मंग मले आंधी सांगाचं ना वो," एवढंच म्हणाले आणि भावजयीकडे न बघता बाहेर गेले. मला त्यांची फार दया आली. दोन दिवस त्यांनी मनापासून सेवा केली होती, ती सगळी माझ्या सल्ल्याने.

अंजनाबाई आत आल्या. स्वतःच्या खांद्यावरची शाल वच्छलाबाईंच्या डोक्यावरून नीट ओढून दिली. आम्ही हात सोडले. हातांनी शालीचा काठ कपाळावर सारखा केला आणि ते पोटावर येऊन पडले. ऑक्सिजनचा आकडा वर सरकू लागला.

मी पुन्हा वाकलो. खरं तर लाज वाटत होती, पण सवय जात नाही. "नवऱ्याचं नाव काय?"

वच्छलाबाईंनी जावेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मास्कमधून घोगरा आवाज आला, "त्याइलेच पुसा ना. बसले असतीन भाईर."

अंजनाबाई खळखळून हसल्या. निलेशने सिस्टरला झोपेचं इंजेक्शन परत ठेवायला सांगितलं. निघेपर्यंत वच्छलाबाई उशांना टेकून बसल्या होत्या, आणि बाकी घरची मंडळी कशी दोन दिवस उपाशी असतील, याची जावेकडे चौकशी करत होत्या.

अकोल्याच्या परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. कुणी काही विचारलं नाही, ते बरंच झालं. तीस वर्षं मी पुण्यात हेच प्रश्न विचारत आलोय. खेड्यापाड्यांतून आणलेल्या कितीतरी बायका गप्प राहिल्या, तोंड फिरवलं, हात डोक्याकडे नेला. मी त्यांच्या कागदावर 'भ्रम' लिहिलं, हात बांधायला सांगितले, औषध वाढवलं. काही घरी गेल्या, काही गेल्या नाहीत. वाटेतलं मेडशी गाव येईपर्यंत मी त्यांना आठवत बसलो. खाटांचे क्रमांक आठवले, आजार आठवले. नाव मात्र एकीचंही आठवलं नाही.