फुकटचे दोन पार्सर

हे कोणाला सांगायचं नाही, असं माझं आणि माझ्या मैत्रिणीचं, वैष्णवीचं, ठरलं आहे. वर्गात आम्ही सांगितलं की ऐन वेळी लाइन गेली. घाटंजीत या कारणावर कोणी शंका घेत नाही. पण लाइन होती हो. डोक्यावर पंखा फिरत होता.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचा एकच प्रयोग जाणार होता आणि मला तो आमचाच हवा होता. मी फारशी बोलत नाही, म्हणून मला काही येत नाही असं अर्ध्या वर्गाला वाटतं. वाटू दे. मी संगणकासाठी छोटीशी भाषाच बनवायला घेतली. 'दिवा पलट' असं टाइप केलं की विझलेला दिवा लागेल, लागलेला विझेल.

त्यासाठी ती भाषा संगणकाला कळेल अशी करून देणारा कंपायलर हवा, आणि कंपायलरला आधी वाक्य फोडून समजून घेणारा पार्सर हवा. तो हातानं लिहिणं म्हणजे डोक्याला ताप. पण भाषेचे नियम दिले की पार्सर तयार करून देणारे पार्सर जनरेटर नेटवर फुकट मिळतात. ढीगभर मिळतात. घ्यायचा कोणता? एक जण म्हणतो, हा जुना आणि भरवशाचा. दुसरा म्हणतो, जुना आहे म्हणूनच घेऊ नका. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रासमोर बियाण्यावरून चालतं ना, अगदी तसंच.

शेवटी बाबांना विचारलं. त्यांना पार्सर कुठला माहीत, पण बियाणं माहीत आहे.

"एकाच वाणावर कोनी राह्यते का? दोन लाव. एकानं दगा देल्ला तं दुसरा हाय. फुकट हाय म्हन्तं, मंग कायले इचार करून राह्यली?"

मला पटलं. आजही पटतं. दोन जनरेटर घेतले, दोघांना तेच नियम दिले, दोन पार्सर तयार झाले. वाक्य दोघांकडे जाणार, ज्याला समजेल तो काम करणार.

वैष्णवी म्हणाली, "अवं, एकानं भागते ना."

"मंग तुह्या वावरात पऱ्हाटीसंग तूर काहून पेरतेत?"

त्यांच्या कपाशीत तूर असतेच; ती वायर जोडायला लागली.

घरी दुसरा पार्सर चालतच नव्हता, पण पहिला दिवा झकास पलटायचा. निवडीच्या दिवशी सकाळी मला दुसऱ्यातली चूक सापडली. केली दुरुस्त. आता दोन्ही पिकं उभी, आम्हाला कोण हरवणार?

प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांनी टाइप केलं, 'दिवा पलट'. पहिल्याला समजलं, त्यानं दिवा लावला. दुसऱ्यालाही समजलं, त्यानं तत्क्षणी विझवला. आम्हाला काहीच दिसलं नाही.

"काय बिघडलं गं?"

"काही नाही सर. दोन्ही पार्सर बरोबर चालू आहेत."

"मग दिवा?"

"तोही बरोबर आहे सर. दोनदा पलटला."

सरांनी पुन्हा टाइप केलं.

"आता चारदा झाला, सर."

वैष्णवीनं माझ्या पायावर पाय दिला. तालुक्याला दुसऱ्या गटाचं गांडूळ खत गेलं.

"एक काढून टाक वं," वैष्णवी अजून म्हणते. कायले काढू? दोघांनीही काम चोख केलं, हा काय त्यांचा गुन्हा? उलट पुढच्या वर्षी मी तिसरा लावणार आहे. तीनदा पलटला की दिवा लागलेलाच राहणार. आणि समजा तिघांतल्या एखाद्यानं ऐन वेळी दगा दिला, तरी मागे उरतील दोन, आणि दोन म्हणजे... थांबा, दोन म्हणजे पुन्हा... हो आई, आले, एवढं एकच सांगून...