नकाशावरच्या चपला

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात ते मला नीट ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांच्यासमोर हा कागद धरला असता तर त्यांनी आधी त्यावर चप्पल ठेवली असती.

खरंच ठेवली असती. कोणी नकाशा उलगडला की मामा पायातल्या दोन्ही चपला काढून त्याच्या दोन कोपऱ्यांवर ठेवत. "कागद हलका ऱ्हातो," म्हणत. "उडून गेला तर तुमालाच तकलीफ." एकदा जंगल खात्याच्या साहेबांनी रंगीत नकाशा आणला, त्यावरही ठेवल्या. साहेब चपलांकडे बघत राहिले, मामा साहेबांच्या बुटांकडे. "अजून दोन कोपरे हायत, सायब."

सगळी वस्ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. सिद्धेश्वर धरणाच्या वर डोंगरात आंध आदिवासींची ती वस्ती. तिला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला होता. आता ते जंगल पुढे कसं राखायचं, त्यातून काय घ्यायचं, कुठे काय लावायचं, याचा आराखडा ग्रामसभेने स्वतः करून द्यायचा होता. उन्हाळ्याच्या आत दिला नाही, तर खातं आपल्या मनाने खड्डे खोदून सागाची रोपं लावणार होतं. मामा त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष. आम्ही तिघं हिंगोलीच्या कॉलेजातून मदतीला गेलो होतो.

मदत कसली, ते सांगायला लाज वाटते. धरणाकाठच्या एका गावाचा आराखडा आमच्याकडे तयार होता. आम्ही त्यावरचं गावाचं नाव बदललं आणि मी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला. चौथ्या पानावर आलं, "मत्स्यव्यवसायास चालना देणे."

मामांनी शांतपणे विचारलं, "मासे कुठं सोडता? रांजणात?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या डोंगरावर नदी सोडा, बारमाही नालासुद्धा नव्हता.

मग मी जिद्दीला पेटलो. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र काढलं, त्यावरून दोन दिवस खपून नवा नकाशा केला. पुढच्या बैठकीत मामांनी त्यावर चपला ठेवल्या आणि मी वाचायला लागलो. "तुकडा क्रमांक चार. पडीक. प्रस्ताव, साग लागवड आणि तारेचं कुंपण."

या वेळी कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट.

"ए कॉलेज," मामा म्हणाले. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "चाल माझ्यासंगं."

चपला नकाशावरच ठेवून ते अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे. तुकडा चारमध्ये मोहाची मोठमोठी झाडं होती, पानं गळून उघडी पडलेली. प्रत्येकाखाली जमीन अंगणासारखी स्वच्छ. वरून, उपग्रहाला, ते सगळं उजाड दिसलं होतं.

"हे पडीक व्हय?" मामांनी विचारलं. "फुलं पडायचा टाइम आला. पाल्यात फूल पडलं तर घावत न्हाई, म्हणून बाया पहाटपासून झाडून राहिल्या. अन् तू लिवलं पडीक. काहून?"

मी साखरा गावचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडे मळणीआधी खळं असंच झाडतात. मला कळायला हवं होतं. मी तसं म्हणालो.

"व्हय, कळाया पायजे होतं," मामा म्हणाले. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. "दंड. तीन सकाळी माझ्या झाडाखाली झाडायचं."

दोन सकाळी मी खराटा मारला. मामा दगडावर बसून चुका काढत. "डावीकडं ऱ्हायलं. कॉलेजात डावं न्हाई का शिकवत?" तिसऱ्या दिवशी माझा पेपर होता. "जा," म्हणाले, "दंड कुठं पळून जातो?"

त्याच दोन दिवसांत खरा आराखडा झाला. बायांनी सांगितलं आणि मी लिहिलं. कोणतं झाड कोणत्या घराचं, गुरांचं गवत कुठे राखायचं, कुठे अजिबात हात लावायचा नाही. मामांच्या झाडाची नोंद आली तेव्हा मी विचारलं, "तुमच्यामागे कोणाचं नाव लिहू?" ते एकटेच राहत.

"ते ग्रामसभा ठरवील. तू काहून घाई करतूस? माझ्याआधी तुलाच घाई?"

ती जागा मी कोरी सोडली. आराखडा वेळेत गेला. आणि माझं जाणं राहिलं. परीक्षा, मग गावाकडची पेरणी, मग नुसताच आळस. तुमचंही कोणाकडे तरी असंच जायचं राहिलं असेल.

वस्तीत रेंज नाही. परवा समितीच्या सचिवबाईंनी, मामांच्या पुतणीने, टेकडीवर चढून मला फोन केला.

"दादा, मामा थंडीतच गेले. तुमचा फोन लागला न्हाई."

त्याच पुढे बोलल्या.

"आराखडा मंजूर झाला. जसा लिवला तसा, एक अक्षर न्हाई बदललं. ग्रामसभेत नकाशा उलगडला, तर उडाया लागला. मग मामाच्या चपला आणून ठेवल्या."

"आणि झाड?"

"कुणाला द्यायचं ते अजून ठरलं न्हाई, भांडून राहिले. पण खाली समदा पाला पडून हाय, अन् फुलं आठ दिसांत चालू व्हतील. झाडायचं कुणी, ते मात्र बराबर ठरलं. मामा सांगून गेले व्हते. तुमची एक सकाळ बाकी हाय."