पान, ओळ, शब्द

मला मराठी लिहिताना अजूनही थोडं अडखळायला होतं. शाळा चंद्रपुरातल्या कॉन्व्हेंटमध्ये झाली, तिथे वर्गात मराठी बोललं की उभं राहावं लागायचं. मी मराठीही बोलत नसे आणि इंग्रजीही. गप्प बसायची सवय तिथलीच. घरी जाड जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे, ज्यात कुणीतरी हेर असतो, कुणीतरी संगणकासमोर बसून संकेत फोडत असतो आणि शेवटी जग वाचतं. बाबा हसायचे. म्हणायचे, "असं काही नसते बेटा. आमच्या खोलीत पंखा पण नीट चालत नाही."

बाबा एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत काम करायचे. काम काय, ते घरात कुणी बोलायचं नाही. पण मला माहीत होतं. ते कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे फोन ऐकायचे. एकदा जेवताना ते मध्येच थांबले आणि आईला म्हणाले, एका म्हाताऱ्या बाईचा मुलगा तिला फोनवर सांगत होता की मी येत नाही, वाट नको पाहू, आणि ती नुसती हं हं करत होती. मग उठून हात धुतले. ताट तसंच राहिलं.

बारावीनंतर मी ब्रह्मपुरीला कॉलेजला गेले, वसतिगृहात राहिले. खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारच्या पलंगावरची मुलगी एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी. ती पहाटे उठून पळायला जायची, कारण तिला पोलीस भरतीत निघायचं होतं. पहिल्या दिवशी तिने माझं पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाली, "एवढं वाचून काय भेटते, कॉन्व्हेंटवाली?" पुढे तीन वर्षं ती मला कॉन्व्हेंटवालीच म्हणाली. मला ते आवडायचं.

तिला इंग्रजी शिकायचं होतं आणि मला कुणाशी तरी बोलायचं होतं. तोंडाने मला जमेना. खोलीत बाकीच्या दोघी असायच्या, शिवाय मी मुळातच तशी. म्हणून मी कादंबरीतली युक्ती काढली. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत नागपूरहून आणली, तीच छपाई, तीच पानं. एक वही केली. वहीत फक्त आकडे: पान, ओळ, शब्द. ती आकडे घेऊन आपल्या प्रतीत शब्द शोधायची, अर्थ लागला नाही तर विचारायची, मग उत्तर तसंच आकड्यांत लिहून वही माझ्या उशीखाली ठेवायची. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. ती म्हणाली, यात काय नवीन, आमच्याकडे लग्नाचं बोलावणं दोरीला गाठी मारून पाठवतात, रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की निघायचं. ज्याला दोरीतलं कळते त्याला आकड्यातलं नाही कळणार का.

अडचण एकच होती. पुस्तक हेरांचं. त्यात उपग्रह होते, क्षेपणास्त्रं होती, पण शेळी नव्हती. कोंबडी नव्हती, मोहफूल नव्हतं, आठवडी बाजारही नव्हता. तिला तर घरचंच लिहायचं असायचं. मग आम्ही ठरवत गेलो. शेळीला एजंट. बाजाराला टार्गेट. मोहफुलांना डेटा, कारण दोन्ही गोळाच करायचे असतात. हे ठरवताना ती इतकी हसायची की बाकीच्या दोघी ओरडायच्या. हे बदललेले शब्द आम्ही कुठे लिहून ठेवले नाहीत. दोघींच्या डोक्यात होते, तेवढं पुरे होतं.

मी माझंही लिहायचे. एकदा लिहिलं: बाबा लोकांचे फोन ऐकतात. रात्री जेवत नाहीत. मला त्यांची भीती वाटते. एवढ्यासाठी मात्र पुस्तकात सगळे शब्द होते. तिने वही नुसतीच माझ्या उशीखाली परत ठेवली. संध्याकाळी मेसमध्ये माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचं अंडं ठेवलं. मी तिला शपथ घातली होती की काही झालं तरी पुस्तकाचं नाव कुणाला सांगायचं नाही. कादंबरीत तसंच असतं, म्हणून.

शेवटच्या वर्षी ती भरतीत निघाली. धावण्यात पहिल्या काही मुलींत, लेखीतही पास. यादीत नाव लागलं त्या दिवशी तिने वसतिगृहाच्या ओट्यावर बसून आईला फोन केला आणि माडिया भाषेत खूप वेळ बोलली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, मग नेमणूक. परीक्षा संपवून ती गावी निघाली. जड म्हणून पुस्तक माझ्याकडे ठेवलं. वही बरोबर नेली. आकडे पाठ झालेत, सुट्टीत पुस्तकाशिवायही वाचीन म्हणाली.

मी चंद्रपूरला घरी आले. आठवडाभराने, रविवारी दुपारी, बाबा जेवणाच्या टेबलावर काही छापील कागद पसरून बसले होते. असं ते कधी करत नसत. मी पाणी प्यायला गेले. कागदावर आमची वही होती. फोटो काढून छापलेली, पान पान. माझे आकडे, तिचे आकडे.

बाबा वर न बघता सांगू लागले. नाक्यावर जीपची तपासणी झाली, एका मुलीच्या पिशवीत ही वही मिळाली. तिला दिवसभर बसवून ठेवलं. मुलगी म्हणते अभ्यास आहे. कसला अभ्यास, ते सांगत नाही. भरतीत निघालेली आहे म्हणे, म्हणून साहेबांना जास्तच काळजी, नक्षल्यांचं कुणी पोलिसांत शिरत असेल तर. मग ते हसून म्हणाले, "तू तर असली पुस्तकं वाचते. सांग बरं काय आहे."

मी म्हणाले, "मला नाही समजत."

हे एवढंच मी बोलले. आजवर बोललेल्यांत एवढं सहज निघालेलं वाक्य मला आठवत नाही.

मी खोलीत गेले आणि पलंगावर बसून राहिले. बाहेरून पेन्सिलचा आवाज येत होता. तासाभराने बाबा दारात आले. म्हणाले, तीन-तीन आकड्यांचे गट आहेत. पहिला आकडा चारशेच्या फार वर जात नाही, दुसरा पस्तिसाच्या आत, तिसरा बाराच्या आत. पान, ओळ, शब्द. कुठलंतरी पुस्तक आहे. मग कागद माझ्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. "हा सात तुझा आहे."

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला साताच्या पोटात आडवी रेघ द्यायला शिकवलं होतं. घरात दुसरं कुणी तसा सात काढत नाही.

शेल्फवर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एक ओढून घेतली आणि तिथेच माझ्या पलंगाच्या कडेला बसून शब्द शोधू लागले. मी थांबवलं नाही. आधी तिची पानं निघाली. आई पहाटे जंगलात डेटा गोळा करते. रविवारी दोन एजंट टार्गेटवर न्यायचे आहेत. एक एजंट आजारी आहे, त्याला आज मारलं. बाबांचा चेहरा बदलत गेला. मी सगळं सांगितलं, शेळ्या, मोहफुलं, बाजार. इतकं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वासही ठेवला, ते मला दिसत होतं. मग त्यांनी पान उलटलं आणि माझी ओळ शोधायला लागले. मी तोंड भिंतीकडे केलं. बाबा, लोक, फोन, ऐकणे. त्यांना फार वेळ लागला नाही. भीती हा शब्द त्यांनी दोनदा तपासला, पुन्हा पानावर जाऊन.

त्यांनी पुस्तक मिटलं.

मग म्हणाले, "मी अहवालात लिहितो की हे सुटत नाही. सुटलं असं लिहिलं तर तिचंच जास्त वाईट होईल. एजंट म्हणजे शेळी, हे कोण मानेल?"

मी विचारलं, "मी येऊन सांगितलं तर?"

ते म्हणाले, "मग ही ओळ पण सांगावी लागेल."

ते खरं बोलत होते की आम्हा दोघांना वाचवत होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. कदाचित दोन्ही. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी दोन्ही प्रती पिशवीत घातल्या आणि घेऊन गेले. त्यांचं पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

न सुटलेली वही ही सुटलेल्या वहीपेक्षा कमी वाईट नसते, हे आम्हाला दोघांनाही कळायला हवं होतं. तिची पडताळणी अडकली. महिना गेला, दुसरा गेला, मग प्रतीक्षा यादीतली पुढची मुलगी घेतली. हे मला वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलीने सांगितलं. मी फोन केला. तिने उचलला आणि शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या मराठीत सांगितलं, मी घरी आहे, आई घरी आहे, शेतात भात आहे, कुणी पाहुणे आलेले नाहीत. एकदाही तिच्या सवयीचं 'मले' म्हणाली नाही, एकदाही कॉन्व्हेंटवाली म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी बोलतच नव्हती. ऐकणाऱ्याशी बोलत होती.

दिवाळीनंतर मी घरी खोटं सांगून एटापल्लीची बस धरली. पुढे जीप, मग पायी. तिच्या घराच्या अंगणात धान वाळत घातलं होतं आणि ती पायाने ते उलथत होती. मला पाहून थांबली. आईला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. तिची आई माझ्याकडे बघून हसली. तिला मराठी येत नाही.

मी काय बोलणार, ते बसमध्ये ठरवून गेले होते, पण तीच आधी बोलली. "चार वेळा इचारलं त्यायनं. वही कोणाची, कोणासंग लिहिते. मी काई सांगतलं नाई. पुस्तक भेटलं असतं तर तुह्या बाबाचं वाचलं असतं त्यायनं. नोकरी गेली असती न त्याची."

मी मांडीवरच्या ओढणीकडे बघत राहिले.

"मी नोकरीच्या पायी तोंड उघडतो म्हटलं असतं तर उघडलं असतं," ती म्हणाली. "पण बाप तुहा आहे." मग अगदी साध्या आवाजात, "तुले इचारलं का कोणी?"

मी खोटं बोलू शकले असते. मी हो म्हणाले. बाबांनी विचारलं, असं सांगितलं. सातही सांगितला, शेळ्याही. आणि सुटत नाही असं लिहायला मी मान हलवली, तेही सांगितलं.

ती धानाकडे बघत होती. पाय हलत नव्हते. तिच्या आईने माडियात काहीतरी विचारलं. ती एक वाक्य बोलली, लहानसंच. आईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

"चारची जीप आहे," ती म्हणाली. "मंग गाडी नाई." ती मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली, माझी पिशवीही तिनेच धरली होती. जीपमध्ये बायकांना सरकवून तिने माझ्यासाठी जागा करून दिली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि जीप हलायच्या आत वळून चालायला लागली. ती पळत असे तेव्हा मी ओट्यावर बसून तिच्या फेऱ्या मोजायचे. तिला चालताना मागून मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.